दोरा बांधलेली फुलं

विहिरीवरची पाण्याची पाळी थोरलीच्या वाट्याला नेहमी भर दुपारी यायची. सकाळचं गार पाणी दिराचं, संध्याकाळचंही त्याचंच, कारण त्याचं शेत मोठं आणि तोंडही मोठं. दुपारी पाटात सोडलेलं पाणी निम्मं जमीन प्यायची, निम्मं ऊन प्यायचं, आणि उरेल त्यावर थोरलीच्या झेंडूनं जगायचं. तक्रार करायची तर कुणाकडे? नवरा शहरात, कुठल्याशा गोदामावर रखवालदार. सासरे कधीचेच गेलेले. आणि सासू, जिच्यापुढे या घरात एके काळी भांड्याला भांडं लागत नसे, ती आता अंगणात बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "तू कुणाची गं?"

पुरुषांनाही तसंच विचारायची. थोरलीला तर दिवसातून कितीदा तरी. सुरुवातीला थोरली नीट उत्तर द्यायची, "तुमची मोठी सून, आत्याबाई." म्हातारी मान डोलवायची आणि चहा संपायच्या आत पुन्हा तोच प्रश्न. पालथ्या घड्यावर पाणी. मग थोरलीनं उत्तर आखूड केलं. "इथलीच आहे," म्हणायची आणि कामाला लागायची. घरात माणसं दोन, पण बोलणारं एकच, तेही बहुतेक वेळा स्वतःशी. नवऱ्याचा फोन यायचा तेव्हा तो "ऐक ना" म्हणून सुरुवात करायचा आणि तिचं ऐकायच्या आत ठेवून द्यायचा. फोन बंद झाल्यावरही ती तो थोडा वेळ कानाला लावून बसायची.

आत्याबाईंचं सगळं गेलं होतं, बोटं तेवढी शिल्लक होती. सकाळी ऊन तापायच्या आत थोरली तिला हाताला धरून झेंडूत नेऊन बसवायची. वाळकं फूल दिसलं की म्हातारीचा अंगठा आपसूक त्याच्या मानेखाली जायचा, नख बसायचं, आणि फूल टोपलीत. जित्याची खोड म्हणतात ती ही. दोघींच्याही अंगठ्यांची नखं काळपट झालेली, साबणाला दाद न देणारी, आणि जेवताना घासालाही झेंडूचा उग्र वास. फूल वाळलं तरी झाडावर ठेवलं तर काय होतं, हे आत्याबाईंनीच थोरलीला ती नवी नवरी असताना शिकवलं होतं. "झाडाला वाटतं, बी धरलं, आपलं काम झालं. मग ते हात झटकून मोकळं होतं. त्याला असं वाटू द्यायचं नाही." माणसांनाही त्या बाईनं कधी तसं वाटू दिलं नाही. पहिली दोन वर्षं थोरली तिच्या पायरवानंही दचकायची.

पण सगळीच फुलं खुडली तर पुढं पेरायचं काय? त्यासाठी घरामागं एक वाफा राखून ठेवलेला असायचा. त्यातली गडद तांबूस, भरगच्च फुलं निवडून त्यांच्या देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या फुलाला हात लावायचा नाही, हा या घराचा नियम, आणि तो घरातली लहान पोरंसुद्धा पाळत आलेली. ते फूल झाडावरच सुकायचं, खालचं हिरवं बोंड तपकिरी व्हायचं, देठाची मान वाळायची, मगच तोडायचं. आत काळ्या बारीक काडीसारखं बी, टोकाला पांढुरकं. हे बी पंचक्रोशीत नावाजलेलं. फूल बेताचंच, पण पाणी कमी पडलं तरी भर उन्हात मान टाकायचं नाही, आणि तोडल्यावर टोपलीत दिवसेंदिवस टवटवीत राहायचं. फूलवाला टेम्पो घेऊन यायचा तो आधी याच दारात. "आमच्या आजीच्या हातचं बी आहे," असं दीर छाती फुगवून त्याला सांगायचा. स्वतःच्या शेतात मात्र तो विकतची रोपं लावायचा, डोक्याएवढ्या पिवळ्या फुलांची.

यंदा विहिरीनं तळ दाखवला, आणि एका संध्याकाळी दीर येऊन पायरीवर बसला. माणूस वाईट नव्हता. बराच वेळ तो पायाचा चिखल काडीनं खरवडत राहिला आणि मग एकदाचं बोलला. दोन तुकड्यांना पाणी पुरायचं नाही. दोन्ही एक करू, सगळीकडे विकतचं रोप लावू, एकाच पाळीत भिजवू. वहिनींनी दादाकडे शहरात जावं, आईला आम्ही बघू.

आम्ही बघू म्हणजे कसं बघू, ते थोरलीला ठाऊक होतं. ती तापानं पडली होती तेव्हा आठवडाभर म्हातारीला धाकट्या जावेकडे ठेवलं होतं. बाहेर गेली की हरवते म्हणून जावेनं तिला मागच्या खोलीत कडी लावून ठेवलं. तेही खोटं नव्हतं, खरंच हरवायची. पण परत आली तेव्हा तिची बोटं दारावर घासून घासून सोलवटलेली होती, आणि कितीतरी दिवस ती हात मुठीत धरूनच बसायची. शहराचंही थोरलीला माहीत होतं. एक खोली, तिच्यात नवरा आणि त्याचे दोन सोबती, मध्ये दोरीवर टाकलेली चादर. तिनं फोन लावला तर नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं, पण भाऊ म्हणतो ते काही खोटं नाही. असं बोलणारा नवरा असला काय आणि नसला काय.

शेवटी थोरलीनंच तोंड उघडलं. तिचा झेंडू दुपारच्या पाण्यावर जगतो, त्याला दिराच्या पाळीतलं थेंबभरही नको. ती यंदाही स्वतःचं बी धरेल आणि तेच लावेल. दिरानं विचार केला.

"पेरायच्या वेळी बी दाखवा, वहिनी, मी गप्प बसतो. नाही दाखवलंत तर मग माझं ऐकायचं."

असं ठरलं. त्यानंतर थोरलीचा जीव त्या मागच्या वाफ्यात अडकला. बाकीची झाडं कोमेजली तर कोमेजू दिली, पण या वाफ्याला भांडी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, म्हातारीला न्हाऊ घातलेलं पाणी कळशीनं नेऊन घातलं. कंबर मोडून आली. फुलं निवडायला ती उन्हात उकिडवी बसायची, एकेक फूल दोन बोटांत फिरवून बघायची, आणि शंभरदा मागं वळून विचारावंसं वाटायचं, आत्याबाई, हे धरू का? दोरे बांधून झाले, फुलं सुकायला लागली, तेव्हा तिनं वाफ्याभोवती काठ्या रोवून गोणपाट लावलं. सुकलेलं फूल दिसलं की म्हातारीची बोटं शिवशिवायची, म्हणून. बोंडं तपकिरी झाली. अजून चार-दोन दिवस ऊन खाऊ दे, मग तोडू, असं थोरली मनाशी म्हणाली. हाव म्हणा, काळजी म्हणा, ते चार-दोन दिवस तिनं उगाच धरले.

त्या दुपारी पंपाचा पट्टा निसटला. पाळी सुरू होऊन बसलेली आणि पाटात पाणी नाही. थोरलीनं पट्टा चढवला, तो पुन्हा निसटला, हात ग्रीसनं भरले, शेवटी दिराच्या गड्याच्या हातापाया पडून तो चढवून घेतला. गडी हसत होता. पाणी लागलं तेव्हा ऊन कललं होतं. ती धापा टाकत घरी आली तर मागच्या बाजूनं धूर येत होता. न्हाणीचं पाणी तापवायची चूल तिनं सकाळीच विझवली होती, नुसते निखारे राखेत होते.

बाज रिकामी होती. म्हातारी चुलीजवळ पाटावर बसलेली. चेहरा असा उजळलेला की थोरलीला तिच्या जुन्या दिवसांची आठवण झाली. मांडीवर लाल दोऱ्यांची गुंडी, एकेक दोरा सोडवून नीट गुंडाळलेला.

"झालं," म्हातारी म्हणाली. "एकसुद्धा ठेवलं नाही."

थोरली गोणपाटाकडे धावली. प्रत्येक देठ मानेखाली साफ तोडलेला. एक फांदी मोडली नव्हती, एक पान फाटलं नव्हतं. दोरा न बांधलेली फुलं मात्र जिथल्या तिथं होती, कोवळी, ओली, बियांच्या कामाची नसलेली.

"फुलं कुठायत?"

"चुलीत. रोगट फूल जमिनीवर टाकायचं नसतं."

थोरलीनं चुलीत हात घातला. राख बाहेर ओढली, निखारे बाहेर ओढले, बोटं भाजली तरी ओढत राहिली. हाताला लागलं ते सगळं काळं, फुंकर मारली की उडून जाणारं. मग ती उठली आणि म्हातारीचं मनगट धरलं. ती कधी मोठ्यानं बोलायची नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज दिराच्या बांधापर्यंत गेला असेल.

"जन्मभर जे जपलं ते स्वतःच्या हातानं जाळलंत. आता मी जाते शहरात. तुम्हाला तिकडे कोंडून ठेवतील, मग बसा दार खरवडत."

बोलून गेली. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण त्या वाक्याला होतं, आणि ते तिच्याच घशात रुतलं. मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

म्हातारी पाटावरून उठली. मान खाली घातली, दुसऱ्या हातानं केस कानामागं सारले आणि अंग चोरून उभी राहिली. नव्या मुली उभ्या राहतात तशी.

"चुकलं, सासूबाई," ती म्हणाली.

थोरलीला आधी कळेचना.

"आमच्याकडे काढून टाकायच्या फुलांना दोरा बांधतात," म्हातारी घाईघाईनं सांगत होती. "वेगळं निघालं, रोग पडला, की बाबा दोरा बांधून ठेवतात. मग आम्ही बहिणी ती खुडून चुलीत घालतो. इथं उलटं असतं ते मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं, आल्या आल्या काम केलेलं बघून तुम्ही शाबासकी द्याल."

थोरलीचा हात सुटला. मनगटावर ग्रीसची आणि राखेची तिची बोटं उमटली होती.

"मला परत पाठवू नका," म्हातारी म्हणाली. "मी भरून देते. माझ्याकडे बी आहे, आईनं दिलेलं. तुमच्यासारखंच उगवतं. कुणाला कळणारसुद्धा नाही."

असं म्हणत तिनं गळ्यातल्या काळ्या दोरीला अडकवलेली किल्ली ओढून काढली. ती किल्ली थोरलीनं लग्न होऊन आल्यापासून पाहिली होती. आंघोळ घालतानाही म्हातारी ती मुठीत धरायची. बाजेखालची पत्र्याची पेटी त्या किल्लीची, आणि तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. कुलूप गंजलेलं. तेलाचे थेंब सोडून, किल्ली पुढे-मागे करून ते उघडलं.

आत फारसं काही नव्हतं. तडा गेलेला आरसा, एक कंगवा, लहान मुलीच्या मापाचा विटका झगा. तळाशी घातलेला कागद म्हातारीनं न बघता उचलला आणि खालून एक पुरचुंडी काढून थोरलीच्या हातावर ठेवली. गाठ सोडली तर आत मूठभर बी. काळ्या बारीक काड्या, टोकं पांढुरकी.

पण थोरली बघत होती ती बियाकडे नाही, कापडाकडे. निळ्या ठिपक्यांचं कापड. तिच्याच उशीचा अभ्रा होता तो. फाटला म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वी तिनं पोतेऱ्यात टाकला होता, म्हातारीचं डोकं ठिकाणावर होतं तेव्हाचं शेवटचं वर्ष. म्हणजे हे आईनं दिलेलं बी नव्हतं. आईनं दिलेलं बी, ती नवी नवरी असताना अशीच चूक झाली त्या पहिल्याच वर्षी, घरामागच्या वाफ्यात पडलं होतं, आणि तेव्हापासून आजतागायत गाव ज्याला आजीचं बी म्हणत आलं, ते याच बाईच्या माहेरचं होतं. आणि दर वर्षी नवं बी आलं की ती त्यातलं मूठभर चोरून या पेटीत घालत आली होती. सासू मरून गेली, स्वतः सासू झाली, घरदार तिला चळाचळा कापायला लागलं, तरी घालत आली होती. पुन्हा कधी चूक झाली तर भरून द्यायला असावं म्हणून.

थोरली खाली बसली आणि रडली. बी गेलं म्हणून नाही, तिचा स्वतःचाच तो चिरका आवाज कानातून जात नव्हता म्हणून. एवढी वर्षं एका घरात राहून, एका टोपलीत फुलं टाकून, या बाईला इतकी भीती वाटते हे तिला कधी कळलं नव्हतं. कळलं असतं तर दोघींनी मिळून भ्यायला काय हरकत होती?

"सासूबाई, रागावलात?" म्हातारीनं विचारलं.

थोरलीनं डोळे पुसले. सून आहे म्हणून सांगून उपयोग नव्हता. आणि त्या जुन्या सासूनं तेव्हा काय उत्तर दिलं असेल, तेही तिला म्हातारीच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझी काही चूक नाही. कुठं पाठवत नाही तुला."

म्हातारीनं दीर्घ श्वास सोडला आणि बाजेवर जाऊन आडवी झाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तू कुणाची गं?"

बी जुनं होतं. थोरलीनं त्यातलं थोडं ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. दिवसातून कितीदा तरी उघडून बघायची आणि दर वेळी ते जसंच्या तसं. उघडून उघडूनच ते गार पडत असेल, असं वाटून मग ती हात मागं घ्यायची, आणि घडीभरात पुन्हा उघडायची. अशातच दीर आला. वाफा उजाड झालेला त्यानं बांधावरून पाहिलाच होता. पुरचुंडीतलं बी त्यानं तळव्यावर घेतलं, नखानं चिरून पाहिलं.

"जुनं दिसतंय, वहिनी."

"दिसतंय ना बी? मग झालं."

"नुसतं दिसून काय उपयोग, उगवायला पाहिजे." पण मग त्यानं बी जपून परत गाठीत घातलं. "काही म्हणा, आजीच्या हातचं बी ते. त्या म्हातारीचा हातच तसा होता. आईला नाही जमलं ते."

बाजेवर त्याची आई दोऱ्यांची गुंडी सोडत आणि गुंडाळत बसली होती. थोरलीच्या ओठांवर सगळं आलं होतं. तिनं त्याच्यापुढे चहा ठेवला.

उगवलं ते मुठीतलं चिमूटभर. एका सकाळी गोणपाट उघडलं तर एका काडीला पांढरी सोंड फुटलेली, दुसऱ्या दिवशी आणखी काहींना, आणि मग थांबलंच. उरलेलं सगळं पेरलं तेव्हा एका वाफ्यापुरती रोपं झाली. दिरानं ती पाहिली, डोकं खाजवलं आणि शब्दाला जागला, पण पुरता नाही. निम्मा तुकडा यंदा त्यानं आपल्यात घेतला. निम्म्यावर थोरलीनं बी धरावं, पुढच्या हंगामाला सगळं परत, असं म्हणाला. हे परत येईल की नाही ते वेळच सांगणार होती. थोरलीनं वाद घातला नाही. नवऱ्याला तिनं फोनवर सांगितलं की ती येत नाहीये. तो बरं म्हणाला. आवाजावरून त्याला सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं, ते काही तिला कळलं नाही.

फुलं आली. जुन्यासारखीच, गडद तांबूस, बेताची. थोरली दोऱ्यांची गुंडी घेऊन वाफ्यात उतरली. पहिला दोरा तिनं एका भरगच्च फुलाच्या देठाशी नेला आणि थांबली. मग तो तिथून काढून शेजारच्या फुलाला बांधला. ते पिवळट निघालं होतं, दिराच्या शेतावरून मधमाशीनं केलेला उद्योग असावा. असा एकेक करत तिनं दोरा बांधला तो फक्त काढायच्या फुलांना. विरळ पाकळ्यांची, डागाळलेली, कीड लागलेली. चांगल्यांना मोकळं सोडलं. गोणपाटही काढून टाकलं.

सकाळी तिनं म्हातारीला हाताला धरून आणलं आणि वाफ्याच्या कडेला बसवलं. हा डाव अंगलट आला तर पेटीत आता दुसरी पुरचुंडी नव्हती. म्हातारीचा हात पुढे झाला. दोऱ्यावर बोट टेकलं, घटकाभर तिथंच राहिलं. मग अंगठा मानेखाली गेला आणि फूल टोपलीत पडलं. शेजारचं मोकळं फूल तिनं तळव्यावर घेऊन पाहिलं, हलवलं आणि तसंच सोडलं. पुढचा दोरा. पुढचं मोकळं सोडून त्यापुढचा दोरा.

अर्धी ओळ झाल्यावर तिनं मान वर करून थोरलीकडे पाहिलं. कुणाची म्हणून विचारलं नाही.

"तुमच्याकडेही असाच बांधतात दोरा?"

थोरलीच्या माहेरी झेंडू नव्हताच, फुलाचं झाडच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "असाच."

म्हातारी हसली, जरा सरकली आणि आपल्या शेजारची जागा हातानं झटकून तिच्यासाठी मोकळी केली.

"बरं झालं बाई तू आलीस. मला वाटलं, इथं मी एकटीच आहे."

थोरली तिथं बसली. टोपली तिनं दोघींच्या मध्ये ओढून घेतली.